पाणी कुठे ठेवायचे? लोकल गाड्यांच्या छोट्या टँक इंजिनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात रेल्वेविषयी बोलायला बसले की गोष्ट भुसावळच्या लोकोशेडपासून सुरू होते आणि मोठ्या मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनांपाशी संपते. छोट्या इंजिनांना त्यात जागा मिळत नाही. शाळांमधून आणि वाचनालयांमधून या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

टँक इंजिन म्हणजे नेमके काय? पाण्याची टाकी तर वाफेच्या प्रत्येक इंजिनाला असते ना?

असते, पण ती कुठे असते हा खरा प्रश्न आहे. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो त्याच्या वजनाच्या सहा-सात पट पाणी लागते. लांब पल्ल्याच्या इंजिनांमागे या दोन्ही गोष्टींसाठी टेंडर नावाची वेगळी गाडी जोडलेली असे. भुसावळच्या जुन्या मंडळींना आठवणारी डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी ही काळी धिप्पाड इंजिने टेंडरवालीच होती. टँक इंजिनाला टेंडर नसते. पाणी आणि कोळसा इंजिनाच्या स्वतःच्या सांगाड्यावरच वाहिला जातो. एवढाच फरक, पण त्यातून इंजिनाचे वजन, लांबी, चाकांची मांडणी आणि एका दमात कापायचे अंतर हे सगळेच बदलते. या इंजिनांच्या रचनेचा इतिहास म्हणजे पाणी कुठे आणि किती ठेवायचे, या एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

पहिले टँक इंजिन कोणते?

१८२९ साली इंग्लंडमध्ये रेनहिल येथे इंजिनांची जी प्रसिद्ध स्पर्धा झाली, तिच्यात स्टीफन्सन यांचे 'रॉकेट' जिंकले. त्याच स्पर्धेत ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचे 'नॉव्हेल्टी' नावाचे हलके इंजिन उतरले होते आणि त्याचे पाणी व इंधन त्याच्याच अंगावर होते. वेगामुळे ते लोकांना फार आवडले, पण वारंवार बिघडल्याने ते बाद झाले. पुष्कळ अभ्यासक त्यालाच पहिले टँक इंजिन मानतात.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर 'फेअरी क्वीन' पाहावे. लीड्सच्या किटसन, थॉम्पसन आणि ह्युइटसन यांनी १८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बांधलेले हे इंजिन १९९७ पासून दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागले. त्याला मागे टेंडर नाही. पाण्याची टाकी सांगाड्याच्या खाली, चाकांच्या मध्ये लपलेली असल्यामुळे छायाचित्र पाहणाऱ्याला ती चटकन दिसत नाही.

टाक्यांचे इतके प्रकार का झाले?

कारण पाणी जड असते. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तो टन इंजिनावर चुकीच्या जागी ठेवला तर इंजिन डोलते, रुळांवर बोजा पडतो किंवा कर्मचाऱ्याला समोरचे दिसत नाही.

सर्वांत आधीचा विचार असा की वजन जितके खाली तितके बरे. म्हणून सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये टाकी बसवली गेली. तिला वेल टँक म्हणतात, कारण ती विहिरीसारखी खाली असते. गुरुत्वमध्य खाली राहतो आणि बॉयलर मोकळा राहतो, पण तेथे दांडे, धुरे आणि झडपांची यंत्रणाही बसवायची असल्याने पाण्याला जागा फारच थोडी उरते. जोसेफ बीटी यांनी लंडनच्या उपनगरी गाड्यांसाठी १८६३ पासून केलेली अशी इंजिने उत्तम निघाली. त्यांतली तीन कॉर्नवॉलमधल्या एका वळणावळणाच्या फाट्यावर १९६२ पर्यंत कामाला होती, कारण तेथे दुसरे इंजिन बसतच नव्हते.

दुसरा प्रकार सॅडल टँक. यात घोड्यावर खोगीर टाकावे तशी टाकी बॉयलरवर पालथी घातलेली असते. पाण्याचे सगळे वजन चाकांवर सारखे पडते, म्हणून चढावर चाके घसरत नाहीत. बोरघाटाचा १:३७ असा चढ १८६३ साली खुला झाला तेव्हा तेथे याच प्रकारची इंजिने घेतली गेली. मात्र वजन उंचावर जात असल्याने वेगात हे इंजिन डुलते आणि बॉयलरच्या दुरुस्तीसाठी आधी टाकी उतरवावी लागते. ज्याने पत्र्याची जड पेटी क्रेनने उचलताना पाहिली आहे त्याला हे काम किती कंटाळवाणे असेल, ते सांगायला नको.

तिसरा प्रकार साइड टँक, म्हणजे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना उभ्या चौकोनी टाक्या. लोकलसाठी शेवटी हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला, कारण पाणी भरपूर मावते आणि वजन फार उंच जात नाही.

चौथा प्रकार पॅनियर टँक. खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टोपल्या लटकवतात तशा टाक्या बॉयलरच्या बगलेत टांगलेल्या असतात आणि खाली मोकळी जागा राहते. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने हा मार्ग का धरला याचे कारण मोठे व्यावहारिक आहे. बेल्जियमचे आल्फ्रेड बेलपेअर यांची सपाट माथ्याची भट्टी त्यांनी स्वीकारली, आणि तिच्या चौकोनी खांद्यांवर गोल खोगीर नीट बसेना. म्हणून खोगिराचे दोन तुकडे करून ते बाजूंना टांगले. १९२९ पासून बांधलेल्या त्यांच्या ५७०० वर्गाची संख्या ८६३ झाली. त्यांतली काही लंडनच्या भुयारी रेल्वेने विकत घेतली आणि रुळांच्या देखभालीच्या गाड्या ओढायला १९७१ पर्यंत वापरली.

एकाच इंजिनात दोन प्रकार एकत्र करूनही पाहिले गेले. दार्जिलिंगच्या १८८९ च्या बी वर्गात थोडे पाणी खोगिरात आणि थोडे खाली विहिरीत असते.

लोकल गाड्यांसाठीच ही इंजिने का निवडली गेली?

कारण लोकलचा वेळ शेवटच्या स्टेशनावर वाया जातो. टेंडरवाले इंजिन उलटे चालवणे त्रासाचे असते. मागे टेंडरची भिंत आडवी येते, कोळशाची भुकटी डोळ्यांत उडते आणि वेगावर मर्यादा येते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्याला टर्नटेबलवर किंवा त्रिकोणी रुळांवर फिरवावे लागते. एक्स्प्रेसचे इंजिन दिवसातून एकदा फिरवले तर बिघडत नाही. तासातासाला परत फिरणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. टँक इंजिन दोन्ही दिशांना सारखेच धावते. गाडीपासून सुटायचे, शेजारच्या रुळाने दुसऱ्या टोकाला जायचे, जोडायचे आणि निघायचे.

दुसरे कारण उचल. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला कमाल वेगापेक्षा थांब्यातून लवकर उठण्याची जास्त गरज असते. इंजिन घसरल्याशिवाय किती ओढू शकते हे ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनावर अवलंबून असते, आणि ही ओढ साधारण त्या वजनाच्या चौथाईपर्यंत जाते. टेंडरमधले पाणी या कामी निरुपयोगी असते. टँक इंजिनात मात्र तेच पाणी चाकांना रुळांवर दाबून धरते. यातली मेख अशी की प्रवास जसा सरतो तसे पाणीही सरते आणि पकड कमी होत जाते, म्हणजे गाडी सर्वांत जास्त घसरते ती परतीच्या शेवटच्या थांब्यांवर.

पुढे इंजिन सुटे करण्याचाही खोळंबा टाळला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेट वेस्टर्नने डब्याच्या टोकाला चालकाची खोली करून तेथून दांड्यांनी इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडणारी झडप, हलवण्याची सोय केली. फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा कर्मचारी, इंजिनावरच राही आणि चालक दुसऱ्या टोकाला बसून गाडी 'ढकलत' नेई.

भुयारी रेल्वेत धुराचे काय करत असत?

धुराचे फारसे काही करता आले नाही, वाफेचे मात्र केले. १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी जॉन फाउलर यांच्या देखरेखीखाली मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने १८६४ पासून ४-४-० प्रकारची (या आकड्यांचा अर्थ पुढे दिला आहे) टँक इंजिने बांधली. भुयारात गेल्यावर चालक एक झडप फिरवी आणि सिलिंडरातून सुटलेली वाफ धुराड्याऐवजी जाड नळ्यांतून बाजूच्या टाक्यांमधल्या थंड पाण्यात सोडली जाई. वाफ तेथेच विरघळून पाणी होई.

यातून एक नवी अडचण उभी राहिली आणि ती खानदेशातल्या माणसाला चटकन समजेल. बॉयलरमध्ये दाबाविरुद्ध पाणी ढकलण्यासाठी हेन्री जिफार्ड यांनी १८५८ मध्ये शोधलेले इंजेक्टर हे साधन वापरतात. त्यात वाफेचा झोत थंड पाण्यात मिसळून एकदम आकसतो आणि त्या जोरावर पाणी आत जाते. पाणीच गरम असेल तर वाफ नीट आकसत नाही, इंजेक्टर 'धरत' नाही आणि पाणी बाहेरच सांडू लागते. लंडनच्या इंजिनांमध्ये वाफ सोडल्यामुळे टाकीतले पाणी इतके तापे की त्यांना यांत्रिक पंप लावावे लागले, आणि शेवटच्या स्टेशनावर गरम पाणी सोडून देऊन नवे थंड पाणी भरावे लागे.

आता मे महिन्यातली जळगाव-भुसावळची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांच्या आसपास, लोखंडी टाकी उन्हात आणि तिच्या आतल्या अंगाला बॉयलर. तेथे टाकीत वाफ सोडलेली नसतानाही पाणी कोमट होणारच. माझे एक मामा फायरमन होते. ते सांगत की उन्हाळ्यात शेडमधून निघताना टाकी काठोकाठ भरून घ्यायची, कारण थोडे पाणी लवकर तापते आणि मग इंजेक्टर लहान मुलासारखा हट्टाला पेटतो.

'टेरियर' इंजिनाचे नाव सारखे का घेतले जाते?

कारण लोकलच्या छोट्या इंजिनाची कल्पना त्यात पूर्णपणे उतरली होती. लंडन-ब्रायटन रेल्वेचे विल्यम स्ट्राउडली यांच्यासमोर दक्षिण लंडनमधल्या हलक्या रुळांवर, तीव्र वळणांवर आणि थेम्सखालच्या बोगद्यातून गर्दीच्या गाड्या नेण्याचे काम होते. हा बोगदा ब्रुनेल पिता-पुत्रांनी पादचाऱ्यांसाठी बांधून १८४३ मध्ये खुला केलेला होता आणि १८६९ पासून त्यातून रेल्वे जाऊ लागली होती. स्ट्राउडली यांनी १८७२ ते १८८० या काळात ५० इंजिने बांधली. सहा चाके, सहाही ओढणारी, प्रत्येकाचा व्यास चार फूट म्हणजे सुमारे १,२२० मिलीमीटर, एकूण वजन पंचवीस टनांच्या आसपास. बाजूच्या टाक्यांत ५०० गॅलन म्हणजे सुमारे २,२७० लिटर पाणी आणि मागे अर्धा टन कोळसा.

लहान चाकांमुळे सुरुवातीची ओढ चांगली मिळाली आणि सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर असल्याने थांब्यातून गाडी झटकन उठे. कुत्र्याच्या त्या चपळ जातीचे नाव या इंजिनाला चिकटले ते यामुळेच. स्ट्राउडली यांची आणखी एक पद्धत मला विशेष आवडते. प्रत्येक चालकाला ते एक ठरावीक इंजिन देत आणि त्याचे नाव इंजिनाच्या खोलीत रंगवून घेत, त्यामुळे इंजिन पुसलेले, तेल दिलेले आणि जपलेले राही. त्यांच्या इंजिनांचा रंग मात्र कागदोपत्री 'सुधारित हिरवा' असला तरी डोळ्यांना सरळ पिवळाच दिसतो, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात यातल्या एका इंजिनाला सुवर्णपदक मिळाले. पन्नासांपैकी दहा आजही शिल्लक आहेत.

०-६-०, २-४-२, २-६-४ हे आकडे काय सांगतात?

पुढची आधाराची चाके, मधली ओढणारी चाके आणि मागची आधाराची चाके, या क्रमाने दोन्ही बाजूंची मिळून मोजणी. अमेरिकेतल्या फ्रेडरिक व्हाइट यांनी १९०० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. शेवटी टी हे अक्षर आले की इंजिन टँक प्रकारचे समजावे.

चाकांची मांडणी सारखी बदलत का गेली?

कारण पाणी आणि कोळसा वाढवायचा म्हटले की तो पेलायला चाके हवीत, आणि चाके वाढवली की इंजिन लांब होऊन वळणावर अडते. या पेचातून सुटण्यासाठी आडवी सरकणारी चाके शोधली गेली. अमेरिकेचे लेव्ही बिसेल यांनी १८५७ मध्ये एका दांड्याभोवती फिरणारी चाकगाडी केली आणि विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी वक्र खोबणीत सरकणारा धुरा आणला. हा धुरा १८६३ मध्ये प्रत्यक्ष इंजिनावर बसला.

अमेरिकेत मथायस फॉर्नी यांनी १८६६ मध्ये वेगळाच पर्याय मांडला. ओढणारी चार चाके भट्टी आणि बॉयलरखाली, आणि पाणी व कोळसा मागे चार छोट्या चाकांच्या चाकगाडीवर, पण सगळे एकाच सांगाड्यात. यात ओढणाऱ्या चाकांवरचे वजन पाणी संपले तरी फारसे बदलत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खांबांवरून जाणाऱ्या उन्नत रेल्वेने या प्रकारची शेकडो इंजिने वापरली. वीज आली आणि १९०३ पर्यंत ती सगळी हटली. इंग्लंडमध्ये ड्युगल्ड ड्रमंड यांनी १८९७ पासून बांधलेला एम ७ वर्ग याच ०-४-४ मांडणीचा होता आणि त्याची १०५ इंजिने झाली.

जॉन अ‍ॅस्पिनल यांच्या १८८९ च्या २-४-२ इंजिनात दोन्ही टोकांना सरकती चाके होती, म्हणून ते पुढे-मागे सारख्याच सहजतेने वळे. रुळांच्या मधल्या लांबट हौदातून चालत्या गाडीतच पाणी उपसून घेणारा पन्हळ त्याला लावलेला होता, आणि तो दोन्ही दिशांना काम करी. छोट्या टाकीवर शोधलेला हा सर्वांत चतुर उपाय असे मी म्हणेन. मोठी टाकी लावण्याऐवजी वाटेतच पाणी उचलायचे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये रुळांमधला उघडा हौद किती वेळ भरलेला राहिला असता, हा प्रश्न वेगळा.

पुढे टाक्या आणि बॉयलर वाढत गेले आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात २-६-४ ही मांडणी स्थिरावली. ब्रिटिश रेल्वेने १९५१ ते १९५७ मध्ये बांधलेली १५५ इंजिने याच प्रकारची होती. प्रत्येकात दोन हजार गॅलन, म्हणजे नऊ हजार लिटरहून अधिक पाणी मावे. टेरियरच्या चौपट.

टाकीतले पाणी हिंदकळून अपघात होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न पाण्याच्या टँकरमागून वळणाच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाने विचारला होता, हे सांगायला हवे. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते. म्हणून टाकीच्या आत आडव्या-उभ्या भोकांच्या पट्ट्या बसवतात, त्या पाण्याची लाट मोडतात.

तरीही २४ ऑगस्ट १९२७ रोजी इंग्लंडमध्ये सेव्हनओक्सजवळ 'रिव्हर क्रे' नावाचे २-६-४ टँक इंजिन एक्स्प्रेस गाडीसह रुळावरून घसरले आणि १३ जण मरण पावले. इंजिन डोलू लागले होते. त्याच वर्गाचे इंजिन चांगल्या रुळांवर चालवून पाहिले तेव्हा ते स्थिर धावले, आणि सेव्हनओक्सच्या बाजूचा रूळमार्ग मात्र कमकुवत निघाला. दोष कोणा एकाचा नव्हता. वाईट रूळ आणि उंच बाजूच्या टाक्यांत हलणारे पाणी यांची गाठ पडली होती. तरी रेल्वेने धोका पत्करला नाही. त्या वर्गाच्या सगळ्या इंजिनांच्या टाक्या काढून त्यांना टेंडर जोडण्यात आले. लोकलसाठी योग्य असलेली मांडणी वेगाच्या गाडीला लावली की काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विजेच्या गाड्यांशी या इंजिनांनी टक्कर दिली का?

दिली, आणि एकदा तर मोठ्या ईर्षेने दिली. लंडनच्या पूर्व भागातल्या उपनगरांसाठी विजेच्या रेल्वेचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या जेम्स होल्डन यांनी १९०२ मध्ये 'डेकापॉड' बांधले. दहा ओढणारी चाके, तीन सिलिंडर, ऐंशी टन वजन. तीनशे टनांहून जड गाडी घेऊन ३० सेकंदांत ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेग गाठायचा, हे त्याचे काम होते आणि ते त्याने करून दाखवले. विजेचा प्रस्ताव मागे पडला. मात्र या राक्षसाला पेलतील असे पूल त्या मार्गावर नव्हते, म्हणून नियमित गाडी त्याने कधी ओढलीच नाही. पुढे त्याचे सुटे भाग वापरून एक टेंडरवाले इंजिन तयार केले गेले. प्रस्तावाला उत्तर म्हणून बांधलेले इंजिन प्रस्तावाबरोबरच संपले.

खरी सुधारणा गाजावाजा न करता आली. जर्मनीचे विल्हेल्म श्मिट यांच्या अतितप्त वाफेच्या पद्धतीत बॉयलरमधली ओलसर वाफ पुन्हा तापवून कोरडी केली जाते, त्यामुळे तेवढ्याच कामाला पाणी आणि कोळसा दोन्ही कमी लागतात. बर्लिनच्या शहरी रेल्वेसाठी १९०२ पासून आलेला टी १२ वर्ग याच पद्धतीचा होता. इंग्लंडमध्ये १९०९ साली ब्रायटन रेल्वेच्या आय ३ वर्गाच्या टँक इंजिनाने क्रॉयडन ते रग्बी हे सुमारे १४५ किलोमीटरचे अंतर वाटेत पाणी न घेता कापले, तेव्हा शेजारच्या रेल्वेच्या अभियंत्यांनी डोळे विस्फारले. टाकी तेवढीच ठेवून पल्ला वाढवायचा हा मार्ग मला डेकापॉडपेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

एका टाकीच्या पाण्यात चाळीसगाव ते धुळे जाता आले असते का?

हा प्रश्न चाळीसगावला विचारला गेला होता, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. १९०० साली सुरू झालेला हा ब्रॉडगेज फाटा ५६ किलोमीटरचा आहे. हलक्या गाडीला टेरियरसारखे इंजिन किलोमीटरला अंदाजे ७ किलो कोळसा आणि ५० लिटर पाणी घेईल असे धरू. कोळसा अर्धा टन, म्हणजे सत्तर किलोमीटरला पुरेसा. पाणी २,२७० लिटर, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर, आणि टाकी कोरडी होईपर्यंत तर कोणी चालवत नाही. म्हणजे कोळसा धुळ्यापर्यंत पुरला असता, पाणी पुरले नसते. जामद्याला किंवा राजमान्याला थांबून पाणी घ्यावे लागले असते. उलट दोन हजार गॅलनचे मोठे २-६-४ इंजिन, किलोमीटरला सव्वाशे लिटर खाल्ले तरी, धुळे गाठून थोडे पाणी शिल्लक ठेवते.

म्हणूनच इंग्लंडच्या उपनगरांत गाजलेले छोटे इंजिन उचलून आपल्या फाट्यावर आणावे, इतके हे सोपे नव्हते. तिथली उपनगरे पंधरा-वीस किलोमीटरची होती. आपल्या गावांमधली अंतरे लांब, आणि पाणी हीच मुळात दुर्मीळ गोष्ट.

आपल्याकडच्या जड पाण्याचा काही परिणाम होई का?

होई, आणि बराच. जड पाण्यातले क्षार बॉयलरच्या नळ्यांवर थराने बसतात, उष्णता अडवतात आणि पत्रा तापून कमकुवत करतात. घरच्या बंबात जमणारा पांढरा थर सर्वांनी पाहिलेला आहे. तोच प्रकार, फक्त येथे आत दाब असतो. त्यासाठी बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवावा लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन शेडमध्ये उभे राहते.

पाचोरा-जामनेरसारख्या छोट्या रुळांवर रचना वेगळी लागते का?

लागते. 'पीजे' या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग ७६२ मिलीमीटर रुंदीचा, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेला. शेंदुर्णी, पहूर करत जाणाऱ्या या गाडीने खानदेशाच्या तीन-चार पिढ्या वाहिल्या. अशा हलक्या रुळांवर प्रत्येक धुऱ्यावरचे वजन हाच रचनेचा मुख्य नियम बनतो.

याचा आदर्श नमुना महाराष्ट्रातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली तेव्हा धुऱ्यावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नको, अशी मर्यादा घालून घेतली. तेवढ्यात पुरेशी ताकद हवी म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून ०-८-४ मांडणीची टँक इंजिने करून घेतली. आठ ओढणारी चाके, मागे चार आधाराची, वजन सगळीकडे वाटलेले. माथेरानसाठी १९०७ मध्ये जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून आलेल्या ०-६-० इंजिनांची युक्ती आणखी सूक्ष्म होती. पुढची आणि मागची ओढणारी चाके पोकळ धुऱ्यावर बसवलेली असल्याने १:२० च्या चढावरच्या अरुंद वळणात ती स्वतःच थोडी वळत.

मुंबईच्या लोकलला अशी इंजिने होती का?

होती. उपनगरी वाहतूक वाढली तशी दोन्ही रेल्वे कंपन्यांनी टँक इंजिने वापरली. पण ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर आणि ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिमेला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि मुंबईत त्यांची गरज ओसरली. देशाच्या इतर भागांत मात्र त्यांचा जोर बराच काळ टिकला. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५९ पासून डब्ल्यूटी नावाची २-८-४ टँक इंजिने खास उपनगरी गाड्यांसाठी बांधली गेली. जगाने वाफेची लोकल सोडायला घेतली होती तेव्हा आपण तिच्यासाठी नवी रचना करत होतो. याला कोणी मागासलेपणा म्हणेल. मला त्यात देशी कोळसा आणि महाग वीजतारा यांचा रोखठोक हिशेब दिसतो.

टाकीत किती पाणी उरले हे चालत्या इंजिनावर कसे कळे?

काही इंजिनांवर तरंगणाऱ्या गोळ्याला जोडलेला काटा असे, काहींवर उंचीनुसार छोटे नळ असत. पण अनुभवी फायरमन यातले काहीच बघत नसे. तो खिडकीतून हात बाहेर काढून टाकीच्या पत्र्यावर वरून खाली तळवा फिरवी. जेथवर पाणी आहे तेथवर पत्रा गार लागतो, वरचा रिकामा भाग उन्हाने चटका देतो. दमट हवेच्या प्रदेशात तर तेवढ्या भागाला घाम फुटतो आणि रेघ डोळ्यांनीही दिसते. खानदेशात घाम फुटण्याइतकी ओल हवेत नसते, म्हणून हातावरच भिस्त. मामांच्या उजव्या तळव्यावरची कातडी शेवटपर्यंत चामड्यासारखी राहिली होती.

एखादे जतन केलेले टँक इंजिन पाहायला मिळाले तर काय पाहावे?

प्रथम टाक्यांच्या पुढच्या कडा पाहाव्यात. त्या उतरत्या कापलेल्या असतील तर रचनाकाराने चालकाच्या नजरेचा विचार केला आहे. मग टाकीच्या खालच्या बाजूला कोनाडे किंवा भोके आहेत का ते पाहावे. आतल्या दांड्यांना तेल देण्यासाठी हात जाईल एवढी जागा तेथे सोडलेली असते, आणि त्या प्रत्येक कोनाड्यापायी काही लिटर पाणी गमावलेले असते. कोळशाची मागची पेटी वर निमुळती होत गेली असेल तर ती उलट्या दिशेने धावताना मागचे दिसावे म्हणून. पाणी भरण्याचे झाकण कोणत्या बाजूला आहे आणि दोन्ही टाक्यांना जोडणारी आडवी नळी कोठून जाते, हेही शोधावे. शेवटी सांगाड्याखाली वाकून पाहावे. तेथे चाकांमध्ये आणखी एक चपटी टाकी दडलेली असण्याचा संभव असतो.